एनजीसी २५३ चा फोटो महाराष्ट्रातून कसा काढावा?

प्रश्न असा आहे: "पुण्यात राहतो. सहा इंची, एफ/५ ची न्यूटनी दुर्बीण, गायडिंग करता येईल असं विषुववृत्तीय माउंट आणि एपीएस-सी आकाराचा रंगीत कॅमेरा आहे. दक्षिण आकाशातली, कडेने दिसणारी सर्पिल दीर्घिका टिपायची आहे. कोणती घेऊ आणि कशी? मागच्या हिवाळ्यात जुन्नरच्या बाजूला जाऊन एनजीसी २५३ वर एक रात्र घालवली, पण राखाडी, लांबट डागापलीकडे हाती काही लागलं नाही."

दीर्घिका बदलू नका. एनजीसी २५३ च घ्या, आणि उपकरणंही आहेत तीच राहू द्या. या कामाला ती पुरेशी आहेत. बदलायची आहे ती जागा, आणि रात्रीतले तास मोजण्याची पद्धत. त्यावर सविस्तर लिहितो, कारण दक्षिणेकडच्या लक्ष्यांचं गणित उत्तरेकडच्यांपेक्षा वेगळं असतं आणि बहुतेक मार्गदर्शन उत्तरेतल्या लोकांनी, डोक्यावरून जाणाऱ्या दीर्घिका समोर ठेवून लिहिलेलं असतं.

आधी हीच दीर्घिका का, ते सांगतो. शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी २५३ आपल्यापासून सुमारे १.१४ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. आकाशात तिची लांबी साधारण २७ आर्कमिनिट (एका अंशाचे ६० आर्कमिनिट) भरते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाहून किंचित कमी. रुंदी मात्र जेमतेम सात आर्कमिनिट. तेजस्विता सातव्या-आठव्या प्रतीच्या मध्ये (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकं तेज कमी), त्यामुळे अंधाऱ्या जागेवरून ती साध्या बायनॉक्युलरमध्येही दिसते. समोरून पूर्ण दिसणारी दीर्घिका शून्य आणि पूर्ण कडेवरची ९० अंश धरली तर तिचा कल सुमारे ७८ अंशांचा आहे. पूर्ण कडेवर असलेल्या दीर्घिकांमध्ये, उदाहरणार्थ अरुंधती केशातली एनजीसी ४५६५ किंवा देवयानीतली एनजीसी ८९१, मधोमध धुळीचा एक काळा पट्टा दिसतो आणि चकतीवरचं बाकी सगळं त्याच्याआड जातं. २५३ त्या मानाने थोडी कललेली आहे, म्हणून तिच्या चकतीवरची धूळ पट्टा न होता ठिपक्याठिपक्यांनी, तुटक धाग्यांनी विखुरलेली दिसते. तिचा खरा ऐवज हा पोत आहे. फोटो यशस्वी झाला की नाही हे मी बाहेरच्या फिकट प्रभामंडळावरून ठरवत नाही, त्या धाग्यांवरून ठरवतो.

ही धूळ आणि तिच्यातले तांबूस ठिपके तिथे उगाच नाहीत. एनजीसी २५३ ही आपल्या शेजारची ताराजन्माचा वेग प्रचंड असलेली दीर्घिका आहे. गाभ्याजवळ इतके तारे एकदम जन्मतात की त्यांच्या आणि स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या झोताने वायू चकतीबाहेर फेकला जातो. चिलीतल्या आल्मा दुर्बिणींच्या निरीक्षणांतून २०१३ मध्ये हा बाहेर जाणारा थंड वायू मोजला गेला आणि ताऱ्यांचा जन्मच पुढच्या ताऱ्यांचा कच्चा माल कसा उडवून लावतो ते दिसलं. तुमच्या कॅमेऱ्यात तो झोत येणार नाही. पण ज्या चकतीतून तो निघतो तिची अस्ताव्यस्त धूळ नक्की येईल.

कॅरोलाइन हर्शेल यांनी ही दीर्घिका २३ सप्टेंबर १७८३ ला इंग्लंडमधून शोधली. त्यांच्या अक्षांशावरून ती क्षितिजावर जेमतेम १३ अंश चढते. आपल्याकडे, पुण्याच्या अक्षांशावर, ती मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर सर्वांत उंच असताना, ४६ अंशांपर्यंत येते. म्हणजे ही दक्षिणेची असली तरी आपल्याला अजिबात दुरापास्त नाही.

शोधायची कशी? भाद्रपदाच्या चौकोनाची पूर्वेकडची बाजू, म्हणजे उत्तराभाद्रपदाचे दोन तारे, जोडून रेषा दक्षिणेकडे लांबवा. बऱ्याच अंतराने एक एकटा ठळक तारा लागतो, तो तिमिंगलाचा बीटा, डिफ्डा. त्याच्या सरळ दक्षिणेला सव्वासात अंशांवर, किंचित पूर्वेला, एनजीसी २५३. पश्चिमेकडे मीनास्य चमकत असतो, त्यामुळे दिशेचा घोळ होत नाही. गो-टू माउंट असलं तरी हे एकदा डोळ्यांनी करून पाहा. कुठल्या भागात धुरकट थर आहे, कुठल्या गावाचा उजेड वर येतोय, हे त्या दोन मिनिटांत कळतं.

आता तासांचा हिशेब. दीर्घिका ४६ अंशांवर असताना तिचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या १.४ पट जाडीच्या थरातून येतो. ३० अंशांवर ती जाडी दुप्पट होते. त्याखाली प्रकाश तर घटतोच, शिवाय तारे सुजतात आणि जो पोत मिळवायला आपण गेलो तोच पुसला जातो. म्हणून ३० अंश ही माझी लक्ष्मणरेषा. एनजीसी २५३ आपल्याकडे मध्यमंडलाच्या आधी आणि नंतर पावणेतीन-पावणेतीन तास या रेषेच्या वर असते. एका रात्रीत मिळणारे कामाचे तास म्हणजे हे साडेपाच तास, आणि त्यातले मधले तीन खरे सोन्याचे. नोव्हेंबरच्या मध्यावर ती रात्री दहाच्या सुमारास मध्यमंडलावर येते, डिसेंबरच्या मध्यावर आठच्या सुमारास. नोव्हेंबरात संध्याकाळी सव्वासातला आकाश पूर्ण काळं होतं. तेव्हापासून साडेबारापर्यंत काम करून गाशा गुंडाळायचा. पहाटेपर्यंत ती क्षितिजाला टेकेस्तोवर फ्रेम घेत बसण्याने तासांची बेरीज फुगते, फोटो सुधारत नाही. तुमच्या मागच्या रात्रीच्या फ्रेम उघडा आणि प्रत्येकीतल्या ताऱ्यांची सरासरी जाडी वेळेनुसार मांडून बघा. साडेबारानंतर ती चढत गेलेली दिसेल. त्या फ्रेम काढून उरलेल्या पुन्हा स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो केला, तर आहे त्याच डेटातून बराच फरक पडेल.

जागेचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. लक्ष्य दक्षिणेला असेल तर शहर आपल्या उत्तरेला हवं. पुण्याहून जुन्नरकडे गेलात की अंधार वाढतो हे खरं, आयुका या पुण्यातल्या खगोल संस्थेची गिरवलीची वेधशाळा त्या बाजूला आहे ती उगाच नाही. पण तिथून दक्षिणेकडे पाहिलं की चाकण आणि पुण्याचा उजेड नेमका तुमच्या दीर्घिकेखाली येतो. डोक्यावरचं आकाश काळंभोर आणि दक्षिणेकडचं पिवळसर. त्याऐवजी भोर किंवा वेल्ह्याच्या बाजूला जा, म्हणजे शहराचा उजेड पाठीशी राहील. मुंबईकरांनी मुरूड-श्रीवर्धनचा विचार करावा, कोल्हापूरकरांनी आजऱ्याचा. नागपूरकरांना पेंच जवळ आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झालं. तिथलं आकाश सुंदरच आहे, पण नागपूर तिथून दक्षिणेला राहतं आणि अक्षांश वाढल्यामुळे एनजीसी २५३ ही ४३ अंशांपर्यंतच चढते, हे लक्षात ठेवून मधल्या तीन तासांनाच हात घालावा.

अंधारी जागा किती फरक पाडते ते आकड्यांत सांगतो. शहरातलं आकाश चांगल्या गावाकडच्या आकाशापेक्षा तीन प्रतींनी उजळ असणं नेहमीचं आहे. तीन प्रती म्हणजे सुमारे सोळा पट उजेड. दीर्घिकेच्या फिकट भागासाठी गावाकडच्या एका तासात जी गुणवत्ता मिळते तिला शहरातल्या गच्चीवर सोळा तास लागतील. त्यातही गच्चीचं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं आणि हवा थरथरते. गावाकडे माती-गवताच्या मोकळ्या माळावर बसा. डांबरी रस्त्याला लागून किंवा पत्र्याच्या शेडच्या उत्तरेला बसू नका, कारण त्या तापलेल्या पृष्ठभागावरूनच तुम्ही दक्षिणेकडे बघणार असता.

तारीख अर्थात अमावास्येच्या आसपासची. गणिताने पाहिलं तर लक्ष्मीपूजनाची आश्विन अमावास्या या दीर्घिकेसाठी फार सोयीची. पण फटाक्यांचा धूर खेडोपाडी दोन-तीन दिवस जमिनीलगत साचून राहतो. मी कार्तिक अमावास्येला पसंती देतो. पश्चिम महाराष्ट्रात तोवर उसाचा गाळप हंगाम सुरू झालेला असतो, तेव्हा जागा ठरवताना आसपास तोड झालेली रानं आहेत का आणि लोक पाचट जाळतात का, हे गावात विचारून घ्या. संध्याकाळी पेटवलेलं एक रान अख्खी रात्र खाऊ शकतं. नदीखोऱ्यात दवही पडतं. दव बसू न देणारा ड्यू हीटर गाइडस्कोपवर, म्हणजे माउंटला ताऱ्यावर रोखून धरायला मदत करणाऱ्या छोट्या दुर्बिणीवरही हवा, फक्त मुख्य दुर्बिणीच्या दुय्यम आरशावर असून भागत नाही.

माउंटबद्दल दोनच गोष्टी. आपल्याकडे ध्रुवतारा अवघ्या साडेअठरा अंशांवर असतो आणि दक्षिण उघडी असलेली जागा निवडताना उत्तरेला डोंगर येण्याची शक्यता बरीच. ध्रुव दिसत नसेल तर अडून बसू नका. नीना या कॅमेरा आणि माउंट चालवणाऱ्या मोफत संगणक प्रणालीत तीन ठिकाणचे फोटो घेऊन माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवण्याचं प्लगइन आहे, त्याने उत्तम काम होतं. दुसरं, इतक्या कमी अक्षांशावर माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा असतो आणि काउंटरवेटचा दांडा खाली असताना वजन ट्रायपॉडच्या पायाला घासू शकतं. हे घरीच, दिवसाउजेडी तपासा.

तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर ७५० मिलिमीटर. कॅमेऱ्याचे पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे धरले तर एका पिक्सेलवर साधारण एक आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) येतो. एनजीसी २५३ च्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे ५५ प्रकाशवर्षं. दीर्घिका फ्रेमच्या लांबीचा पाव भाग व्यापेल, पंधराएकशे पिक्सेल. हे प्रमाण छान आहे, याहून जास्त मोठं करण्याचा मोह नको. हवेची थरथर आपल्याकडे दोन-तीन आर्कसेकंदांची असताना २००० मिलिमीटरवर जाऊन तोच धूसरपणा मोठा दिसतो, एवढंच. तिचा लांब अक्ष ईशान्य-नैर्ऋत्य दिशेत आहे, तेव्हा कॅमेरा फिरवून तो फ्रेमच्या कर्णावर किंवा लांबीवर घ्या आणि तो कोन वहीत लिहून ठेवा. ज्यांच्याकडे ४८० मिलिमीटरच्या आसपासची छोटी अपवर्ती दुर्बीण आहे त्यांनी पावणेदोन अंशांवरचा एनजीसी २८८ हा तारकागुच्छही त्याच चौकटीत घ्यावा. आपल्या आकाशगंगेतला गुच्छ आणि पलीकडची दीर्घिका एकत्र फार देखणी दिसतात.

एफ/५ न्यूटनीला कडेचे ताणलेले तारे सुधारणारा कोमा करेक्टर हवाच, आणि जागेवर पोहोचल्यावर कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, पुन्हा तपासायचं, घाटरस्त्याने आरसे हलतात. फोकस बाहतिनोव मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी) डिफ्डावर करा आणि दर तासाला पुन्हा करा. नोव्हेंबरात सात ते दहा या वेळात तापमान झपाट्याने उतरतं आणि नळी आकसते. मागच्या वेळचा राखाडी डाग मला अर्धा उजेडामुळे आणि अर्धा फोकस सरकल्यामुळे आलेला वाटतो.

अंधाऱ्या जागेवर १२० ते १८० सेकंदांचे एक्स्पोजर घ्या. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावीकडच्या भिंतीपासून स्पष्ट सुटला की पुरे, त्याहून लांब एक्स्पोजरने फक्त तारे जळतात. दर दोन-तीन फ्रेमनंतर डिथर करा, म्हणजे चौकट काही पिक्सेल सरकवा. फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे, डाग घालवण्यासाठीचे फोटो) त्याच रात्री, कॅमेरा न हलवता घ्या. आकाशाच्या उजेडाचा उतार, म्हणजे फ्रेमच्या एका कडेला जास्त आणि दुसरीला कमी उजेड, दक्षिणेकडे असतोच, त्यात सेन्सरसमोरच्या काचेवरच्या धुळीच्या गोल डागांची भर नको. एकूण दहा तास चांगल्या फ्रेम जमल्या की धागे उलगडायला लागतात. म्हणजे एका रात्रीचं हे काम नाही. मधले तीन-चार तास धरून तीन रात्री, असा बेत करा.

हायड्रोजन वायूचा लाल प्रकाश तेवढा आत सोडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावून तांबूस ठिपके उठवायचे असतील तर इथे एक बारकावा आहे. एनजीसी २५३ आपल्यापासून सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर वेगाने दूर जाते, त्यामुळे ६५६.३ नॅनोमीटरची रेषा अर्ध्या नॅनोमीटरने लालकडे सरकते. दीर्घिकेच्या स्वतःच्या फिरण्याने एका टोकाकडे ती आणखी सरकते, जवळपास एक नॅनोमीटर. तीन नॅनोमीटरचा फिल्टर मध्यापासून दोन्हीकडे दीडच नॅनोमीटर जाऊ देतो, आणि वेगवान दुर्बिणीत फिल्टरची खिडकी आणखी निळ्याकडे सरकते. एका बाजूचे ठिपके ठळक आणि दुसऱ्या बाजूचे मंद असा फोटो आला तर हेच कारण समजा. सहा-सात नॅनोमीटरचा, तुलनेने स्वस्त फिल्टर इथे जास्त कामाचा.

प्रोसेसिंगमध्ये पहिलं काम रंगांचे थर जुळवण्याचं. ४६ अंशांवरसुद्धा हवा लोलकासारखं वागून निळा आणि लाल प्रकाश एक-सव्वा आर्कसेकंदाने वेगळा करते. एखादा मध्यम तारा ४०० टक्के मोठा करून पाहा: उत्तरेकडच्या कडेला निळसर, दक्षिणेकडच्या कडेला लाल झाक दिसेल. सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या प्रणालीत लाल, हिरवा, निळा असे तीन थर सुटे करून परस्परांवर जुळवले आणि पुन्हा एकत्र केले की ताऱ्यांबरोबर धुळीचे धागेही एकदम टोकदार होतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते करतच नाहीत. मग उजेडाचा उतार काढा. तो काढताना दीर्घिकेवर आणि तिच्या भोवती पुरेशा रुंद पट्ट्यात एकही नमुना-बिंदू ठेवू नका, नाहीतर प्रणाली चकतीची फिकट टोकंच पार्श्वभूमी समजून खरवडते. रंगसंतुलन ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून करा, नजरेने नको. खाली असलेल्या लक्ष्याचा निळा प्रकाश हवेत जास्त गळतो आणि डोळा त्या पिवळेपणाला लवकर सरावतो.

स्ट्रेच करताना, म्हणजे फिकट भाग उजळवताना, हात आखडता ठेवा. या दीर्घिकेचा गाभा कॅमेऱ्यात जळत नाही, तो प्रोसेसिंगमध्ये जाळला जातो. आधी मधल्या उजेडाच्या पातळीत धूळ सुटी दिसेल इतकंच ताणा आणि तिथे थांबून बाहेरचा भाग वेगळ्या मुखवट्याने (निवडलेल्या भागापुरता बदल करू देणारा मास्क) वर आणा. तारे काढून टाकणारी साधनं वापरत असाल तर एक धोका सांगतो: ती चकतीतले तेजस्वी हायड्रोजनचे ठिपके आणि तारकापुंज ताऱ्यांच्या थरात टाकतात. साधन चालवल्यावर ताऱ्यांचा थर उघडा, त्यात दीर्घिकेचा लांबट आकार ठिपक्यांनी उमटलेला दिसेल. तेवढा भाग मुखवट्याने परत मूळ थरात घ्या. नॉइज काढणारी साधनंही चकतीवर अर्ध्याहून कमी जोराने चालवा. बारीक धूळ आणि नॉइज यांतला फरक त्यांना दर वेळी कळत नाही, आणि मेणासारखी गुळगुळीत चकती आली की ती २५३ राहत नाही.

हिच्यावर हात बसला की याच हंगामात एनजीसी ५५ घ्या. ती अर्ध्या तासाने आधी मध्यमंडलावर येते, आपल्याकडे ३२ अंशांपर्यंत चढते आणि २५३ हून लांबट पण फिकट आहे. तिला मध्यमंडलाच्या दोन्ही बाजूंचा तास-तासच द्यावा.

नरतुरंगातली एनजीसी ४९४५ मात्र वेगळ्या तयारीने करायची गोष्ट आहे. जेम्स डनलॉप यांनी १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाहून शोधलेली ही दीर्घिका पुण्याहून २२ अंशांपर्यंतच येते. माझी ३० अंशांची रेषा इथे लागूच होत नाही, हवेची जाडी मध्यमंडलावरच २.६ पट असते आणि रंगांची फाटाफूट तीन आर्कसेकंदांच्या वर जाते. गोव्यातल्या काणकोणच्या बाजूला गेलात तर साडेतीन अंश जास्त मिळतात, आणि दक्षिणेला गावांचा उजेड कमी असेल अशी जागा सापडली तर प्रयत्न जरूर करावा. हंगाम एप्रिल-मे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती साडेदहाच्या सुमारास मध्यमंडलावर असते. नेमके तेच दिवस कोकणात राब भाजण्याचे, त्यामुळे वळवाचा एखादा पाऊस पडून हवा धुतली गेली की लगेच निघायचं. सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्या आपल्या मंडळींना ती ७५ अंशांच्या आसपास, जवळजवळ डोक्यावर मिळते. त्यांनी २५३ च्या आधी तिच्यावर वेळ घालवावा, एवढी ती तिथून सुरेख येते.

तुमच्या २५३ कडे परत यायचं तर शेवटची सूचना साठवणीची. स्टॅक झाल्यावर मूळ फ्रेम पुसू नका. पुढच्या कार्तिकात कॅमेरा वहीत लिहिलेल्या त्याच कोनात लावा, तीच चौकट घ्या आणि नव्या फ्रेम जुन्यांत मिळवा. दोन वर्षांचे फोटो एकावर एक ठेवून नवा ठिपका उगवलाय का तेही पाहता येतं. या दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट पावणारा तारा, १९४० मध्ये नोंदला गेला आहे, तो फ्रिट्झ झ्विकी यांना सापडला होता. यंदा एवढंच करा: भोरच्या बाजूची, दक्षिण उघडी असलेली एक जागा दिवाळीआधी दिवसा जाऊन बघून या, आणि गावात पाचटाचं विचारून या.